गळतीचा शोध

मोटारीच्या इंजिनात सतत इंधन जळत असते. त्या उष्णतेने इंजिन निकामी होऊ नये, म्हणून त्यात पाणी व रसायन यांचे मिश्रण खेळविलेले असते. यास शीतक म्हणतात. शीतक इंजिनातील उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येतो, वाऱ्याने निवतो व परत जातो.

शीतक गळू लागला, की इंजिन तापते. जाणता कारागीर ते बंद करून निवेपर्यंत थांबतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तो उघडीत नाही. दाबामुळे १०० अंशांपुढेही न उकळलेला शीतक, दाब सुटताच उसळून अंग भाजतो.

मग तो गळतीचा माग काढतो. शीतक रंगीत असल्याने डाग उरतो. डाग नळीच्या टोकाशी असेल, तर पट्टी आवळून बहुधा भागते. नळी चिरली असल्यास ती बदलावी लागते. डाग नसताही शीतक घटत असेल, तर दोष इंजिनाच्या आत असू शकतो. सांडलेला शीतक तो पुसून घेतो. कारण तो बहुधा विषारी असतो, आणि गोडसर चवीमुळे जनावरे तो चाटतात.

नुसते पाणी ओतल्याने वेळ निभावते, छिद्र बुजत नाही. कारण शोधणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

प्रश्न : तापलेल्या रेडिएटरचे झाकण का उघडू नये?