शंभर दाण्यांची परीक्षा

बीडहून दक्षिणेस, सोलापूरच्या वाटेवर, बालाघाटच्या डोंगराळ मुलुखात चौसाळा हे गाव आहे. इकडचा पाऊस बेभरवशाचा. पेरलेले उगवले नाही, तर दुबार पेरणी. आणि दुबार पेरणी म्हणजे बहुधा नवे कर्ज. कोरडवाहू शेतीवर भागत नाही, म्हणून बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पुष्कळदा मुलेही बरोबर जातात. शाळेच्या पटावर त्यांचे नाव तेवढे राहते.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यातील कित्येक शेतांत सोयाबीन उगवलेच नाही. असे नुकसान टाळण्याची विद्या शाळेत शिकता येईल काय? पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे आखलेला अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांनी स्वीकारला. त्यात आठवड्यातील एक दिवस मुले शेती, पशुपालन, बांधकाम अशी कामे हातांनी करून शिकतात. खेड्यातील मुलास खुरपणी कोणी शिकवावी लागत नाही. त्याला नवे असते ते मोजणे.

बियाण्याचेच पाहा. घरच्या सोयाबीनमधून शंभर दाणे घ्यावेत. टपोरे दाणे निवडू नयेत. तशाने परीक्षा खोटी ठरते. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट पसरून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून पाणी शिंपडीत राहावे. सहा-सात दिवसांनी चांगले मोड आलेले दाणे मोजावेत. सत्तर उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठच उगवले, तर व्यस्त त्रैराशिकाने उत्तर येते ३५ किलो. फारच थोडे उगवले, तर ते बियाणे पेरू नये.

बियाणे उत्तम असले, तरी ओल हवीच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. सरळ बाजूंचा डबा अंगणात ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजावे, आकडा टिपावा आणि डबा रिकामा करावा, एवढे काम मुलास सहज जमते. परंतु आभाळ भरून आले आहे, शेजाऱ्यांच्या तिफणी चालू झाल्या आहेत आणि वडील बैल जुंपण्यास निघाले आहेत; अशा वेळी वही पुढे करून “आबा, अजून चाळीसच मिलिमीटर झाला आहे,” असे म्हणणे मात्र तितके सोपे नसते.