'एस्किझीतु' म्हणजे छान नव्हे!

इंटर्नशिपसाठी साओ पावलोला होतो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच रविवारी घरमालकीणबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम फेजोआदा केला. काळ्या राजम्यात शिजवलेलं डुकराचं मांस, सोबत भात आणि संत्र्याच्या फोडी. आपल्या मेसच्या तुलनेत स्वर्गच! पण 'उत्कृष्ट'ला पोर्तुगीज शब्द आठवेना. मग इंग्रजी 'एक्स्क्विझिट'लाच शेपूट लावलं आणि ठोकून दिलं, "आ कोमीदा ए मुइंतु एस्किझीता!"

बाईंचा चेहरा पडला. हळूच विचारलं, दुसरं काही करून देऊ का? मी म्हणालो होतो, "जेवण फारच विचित्र आहे."

व्याकरण मात्र बिनचूक होतं, हे आणखी दुर्दैव. 'कोमीदा' स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण 'एस्किझीता'. इंग्रजीवाल्यांची इथे दमछाक होते. आपण 'काळा-काळी' म्हणत वाढलेलो, त्यामुळे हे फुकटात येतं.

उच्चाराचं म्हणाल तर 'क्यू-यू'चा इथे नुसता 'क', दोन स्वरांमधल्या 'एस'चा 'झ', शेवटचा 'ओ' जवळजवळ 'उ'. लिस्बनकडे तोच शब्द 'इश्किझीतु' असा ऐकू येतो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'शोधून काढलेला', म्हणजे दुर्मीळ. दुर्मीळ म्हणून मौल्यवान, असं इंग्रजीने धरलं. स्पॅनिशनेही तेच. पोर्तुगीज बोलीने धरलं, दुर्मीळ म्हणजे चारचौघांसारखं नसलेलं, म्हणजे चमत्कारिक. हसू नका, आपणही तेच केलंय. संस्कृतात 'विचित्र' म्हणजे रंगीबेरंगी, नानाविध, सुंदरसुद्धा. मराठीत आज कुणाच्या ड्रॉइंग शीटला विचित्र म्हणून बघा!

शब्द वापरायचा कुठे? इंजिनातून कसलातरी आवाज येतोय, तो आवाज एस्किझीतु. तऱ्हेवाईक माणूस एस्किझीतु. आणि 'मला कसंतरीच होतंय' यातलं 'कसंतरीच' म्हणजेही हाच शब्द. याहून चपखल भाषांतर मला सापडलेलं नाही. 'ए एस्किझीतु' म्हटलं तर मुळातच तसा, 'एस्ता एस्किझीतु' म्हटलं तर आत्तापुरता तसा. मी 'ए' म्हणालो होतो, म्हणजे बाईंना तेवढीही सवलत ठेवली नाही.

जेवणाला 'देलिसिओझा' म्हणावं, कधीच फसत नाही. ब्राझीलमध्ये 'गोस्तोझा'ही चालतं, पण फक्त पदार्थाला. बाईमाणसाला तो शब्द लावलात तर अर्थ भलताच होतो.

पुढच्या रविवारी मी दोनदा वाढून घेतलं आणि "देलिसिओझा!" म्हणालो. बाईंचा मुलगा टेबलापलीकडून ओरडला, "एस्किझीता नाही ना?" तेव्हा कुठे त्या हसल्या.