बेडूक घरी रुळेपर्यंत

सिडनीत देशी बेडूक पाळायला सरकारी परवाना लागतो आणि रानातून उचलून आणायला बंदी आहे. आमच्याकडचा आला तो केळ्यांसोबत. क्वीन्सलंडहून निघालेल्या फळांच्या खोक्यांत हे ग्रीन ट्री फ्रॉग नकळत शहरात येऊन पोचतात. 'फ्रॉग अँड टॅडपोल स्टडी ग्रुप' ही इथली संस्था त्यांना ताब्यात घेते, वेगळं ठेवते आणि मग परवाना असलेल्यांना देते. परत रानात सोडत नाहीत, कारण कायट्रिड बुरशी त्यांच्या अंगावरून तिकडच्या बेडकांत पसरू शकते. असा पाहुणा घरात रुळताना जे कळलं, ते हे.

१. घर आधी, बेडूक नंतर. हा झाडावरचा जीव, त्यामुळे काचेची टाकी लांबरुंद नको, उंच हवी. त्याचं वजन पेलतील अशा जाड फांद्या, पानांचा आडोसा, अंग बुडवून बसता येईल असं उथळ भांडं आणि घट्ट झाकण. दिवसा २५ ते २८ अंश तापमान टिकतंय का, हे बेडूक यायच्या आधीच काही दिवस हीटर चालवून पाहावं. आल्यावर टाकीत सारखे हात घालायची वेळ येऊ नये.

२. सगळ्यात जपायचं ते पाणी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. म्हणजे भांड्यात जे असेल ते थेट अंगात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडतं, हे खरं. पण अनेक शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असं जात नाही. माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, तेच वापरावं. पाणी रोज बदलावं, कारण तो त्यातच घाण करतो. भांडं साबणाने धुऊ नये. आपल्या हातावरचं क्रीम, साबण, मीठ हेही त्याच्या कातडीतून आत जातं, म्हणून उचलायचंच असेल तर हात स्वच्छ धुऊन त्याच्याच पाण्याने ओले करावेत. डासांचा स्प्रे, उदबत्ती, रूम फ्रेशनर बेडकाच्या खोलीत नकोत. आमच्याकडे देवासमोरची उदबत्ती स्वयंपाकघरात गेली. देवाने काही तक्रार केलेली नाही.

३. दर्शनाला रांग लावू नये. इथे 'बेडूक आणला' म्हटलं की अर्धं मराठी मंडळ मुलांना घेऊन येतं. सरळ सांगावं, पुढच्या महिन्यात या. काच ही भिंत आहे हे त्याला कळत नाही. घाबरला की तिच्यावर उड्या मारून नाक सोलून घेतो. तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवला की बराच शांत होतो.

४. "त्यानं काही खाल्लं का रे?" सांगलीहून आई रोज विचारायची. नाही खाल्लं तरी लगेच घाबरायचं नाही. धडधाकट मोठा बेडूक आठवडाभर उपाशी राहू शकतो. निशाचर असल्याने दिवे मालवल्यावर कॅल्शियमची पूड लावलेले थोडेच रातकिडे सोडावेत. किड्याची लांबी बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. उरलेले सकाळी काढून घ्यावेत, नाहीतर तेच झोपलेल्या बेडकाला कुरतडतात. एकदा रुळला की मात्र हा अधाशी होतो. डोळ्यांवर चरबीच्या वळ्या लोंबू लागल्या तर आवरतं घ्यावं.

५. हिरव्याचा तपकिरी झाला? बहुधा थंडी, अंधार किंवा ताण. आधी थर्मामीटर बघावा. जांभया देत, अंग वाकडंतिकडं करत तो काहीतरी गिळताना दिसला, तर तो कात टाकतोय आणि तीच खातोय.

६. बेडूक तपासणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवावा, सगळे पशुवैद्य तपासत नाहीत. पोट किंवा मांड्या लालभडक दिसल्या, अंग फुगलं किंवा पाय लुळे पडले, तर त्याच दिवशी दाखवावं.

नीट सांभाळला तर हा बेडूक पंधरा-वीस वर्षं जगतो. पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी आणत असाल, तर ते कॉलेजला गेल्यावर रातकिडे कोण आणणार, हे आधी घरात ठरवा आणि मगच परवान्याचा अर्ज भरा.