पाणवनस्पतींच्या काचटाकीत कोळंबी, गोगलगायी आणि मासे



पवना आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळची सांगवी आणि तेथून चाकणपर्यंतचा सारा पट्टा आता कारखान्यांचा व इमारतींचा झाला आहे. पुष्कळ कुटुंबांकडे शेताऐवजी घराभोवतीचे गुंठा-दोन गुंठे, एखादी रोपवाटिका किंवा नुसती गच्ची उरली आहे. एवढ्या जागेत शोभिवंत मासे व पाणवनस्पती वाढविता येतात, आणि ग्राहकही दाराशीच असतो. अलीकडे या टाक्यांत माशांबरोबर रंगीत कोळंबी आणि गोगलगायी ठेवण्याची आवड वाढली आहे. परंतु मासे जगतात आणि कोळंबी आठवड्याभरात मरते, ही तक्रार नेहमीची आहे. त्यामागे बहुधा दोन कारणे असतात. एक म्हणजे टाकी मुरण्याआधीच त्यात जीव सोडलेले असतात. दुसरे म्हणजे शेतातले औषध हातावाटे टाकीत पोहोचलेले असते. दुसऱ्या कारणाचा विचार शहरातल्या हौशी माणसाला सहसा करावा लागत नाही, आपल्याला मात्र तो आधी करावा लागतो.

कोणती कोळंबी?

गोड्या पाण्यातील कोळंबी म्हटले की आपल्याला शेततळ्यातील जंबो कोळंबी आठवते. ती काचटाकीसाठी मुळीच नाही. ती वितीएवढी वाढते, नांग्यांनी लहान मासे पकडते आणि तिच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते. टाकीसाठी योग्य ती लाल चेरी कोळंबी. मूळची पूर्व आशियातील ही कोळंबी अडीच ते तीन सेंटिमीटर लांब होते, वर्ष ते दीड वर्ष जगते आणि गोड्या पाण्यातच प्रजनन करते. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन तीन ते चार आठवडे वागवते आणि त्यांतून थेट लहान कोळंबीच बाहेर पडते. दुकानदार शेवाळ खाणारी म्हणून जी अमानो कोळंबी देतात, ती कामाला चांगली असली तरी तिच्या अळ्यांना समुद्राचे खारे पाणी लागते. त्यामुळे घरच्या टाकीत तिची पैदास होत नाही. विक्रीसाठी वाढवायची असेल तर चेरीच घ्यावी.

टाकी मुरू द्यावी

सुरुवातीस दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी पुरेशी आहे. तिच्यात ५४ लिटर पाणी मावते आणि काच व वाळूसह वजन ७० ते ८० किलो होते, म्हणून टेबल भक्कम असावे. तळाशी दोन ते तीन इंच जाडीची, २ ते ४ मि.मी. आकाराची स्वच्छ धुतलेली खडी घालावी. काळा दगड चालतो. संगमरवर किंवा चुनखडी घातल्यास पाण्याचा सामू व जडपणा वाढत जातो. येथे एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. रोपे चांगली वाढावीत म्हणून खडीखाली शेणखत, युरिया किंवा शेतातली खत दिलेली माती घालण्याचा मोह टाळावा. जमिनीत जे पिकाला उपयोगी, तेच बंद टाकीत जीवांना घातक ठरते.

याचे कारण आपल्या परिचयाचे आहे. युरिया शेतात टाकल्यावर त्यातून अमोनिया तयार होतो, एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्रेट. पिकांची मुळे मुख्यतः नायट्रेट घेतात. टाकीतही हेच घडते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया सुटतो. जिवाणूंची वसाहत जमेपर्यंत अमोनिया व नायट्राइट साचत राहतात, आणि ही दोन्ही जिवांना विषारी आहेत. सामू आणि तापमान जेवढे जास्त तेवढी अमोनियाची घातकता जास्त. ही वसाहत खडीवर, पानांवर व गाळणीच्या स्पंजात जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत फक्त वनस्पती असाव्यात. जिवाणूंना खाद्य मिळावे म्हणून चिमूटभर माशांचे खाद्य दोन-तीन दिवसांआड टाकावे. तपासणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये. स्पंजाची गाळणी कोळंबीसाठी उत्तम, कारण तिच्यात पिल्ले ओढली जात नाहीत. ती नळाखाली धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावी. क्लोरिनच्या पाण्याने जिवाणू मरतात.

पिंपरी-चिंचवडला नळाचे पाणी मुख्यतः पवनेवरील रावेत बंधाऱ्यातून येते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी सहसा मऊ असते, तर विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. नळाचे पाणी बादलीत हवेच्या पंपासह चोवीस तास ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे बाजारातील हायपो, वापरून क्लोरिन काढावा. फार मऊ पाण्यात गोगलगायींचे शंख झिजून पांढरे पडतात आणि कोळंबीला कात टाकणे जड जाते. त्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा किंवा स्वच्छ धुतलेली अंड्याची टरफले गाळणीजवळ ठेवावीत. कोळंबीने टाकलेली कात मेलेली कोळंबी समजून काढून टाकू नये, त्यातला चुना ती परत खाते.

हाताला लागलेले औषध

कोळंबी ही कीटकांची दूरची नातेवाईक आहे. दोन्ही संधिपाद वर्गातले जीव. त्यामुळे किडीसाठी बनविलेले औषध कोळंबीलाही मारते. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी औषधे पाण्यात अब्जात काही भाग एवढी असली तरी ती तग धरत नाही. तेवढ्या प्रमाणात मासा कदाचित वाचेल, आणि मग आपण टाकीत दोष शोधत बसतो. फवारणी केलेल्या दिवशी टाकीत हात घालू नये. टाकीची बादली, नळी व मग वेगळे ठेवावेत, फवारणीच्या खोलीत नेऊ नयेत. टाकी असलेल्या खोलीत डासांचा फवारा मारू नये आणि डास पळविणारे विजेचे यंत्रही तेथे नसलेले बरे. रोपवाटिकेतून आणलेल्या पाणवनस्पतींवर औषध असण्याची शक्यता असते. त्या वेगळ्या बादलीत पंधरा दिवस ठेवून पाणी वरचेवर बदलावे.

दुसरा शत्रू तांबे. बोर्डो मिश्रण आणि मोरचूद आपल्या हाताखालची औषधे आहेत, आणि माशांच्या कित्येक औषधांतही तांबे असते. विरघळलेले तांबे कोळंबी व गोगलगाय दोघांनाही मारते. माशांवर पांढरे ठिपके दिसले तर मासे वेगळ्या टाकीत काढून तेथे उपचार करावेत. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी माणसाला चालते, कोळंबीला चालत नाही. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांब्याचेच संयुग करते, म्हणून खाद्याच्या पाकिटावर अल्प तांबे लिहिलेले दिसले तर घाबरू नये. धोका पाण्यात विरघळलेल्या तांब्याचा आहे.

गोगलगाय ओढ्यातून आणू नये

टाकीत गोगलगायी खालचे उरलेले खाद्य, कुजकी पाने व काचेवरचे शेवाळ साफ करतात. निरोगी पाने त्या सहसा खात नाहीत. मोठी गोल सफरचंदी गोगलगाय मात्र कोवळी पाने फस्त करते, ती घेऊ नये. लांब निमुळत्या शंखाची मेलॅनॉइडिस खडीत शिरून ती भुसभुशीत ठेवते, आपल्याकडील नद्यांत ती आढळतेही. गोगलगायींची संख्या अचानक वाढली तर दोष त्यांचा नाही, आपण खाद्य जास्त टाकत आहोत.

ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी पुढील गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. लिम्निया जातीच्या गोगलगायीत गुरांच्या यकृतातील पर्णकृमीची अवस्था वाढते. चकतीसारख्या चपट्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस ही पोटातील चपट्या कृमींची आणि नाकातील रक्तकृमीचीही वाहक आहे, ज्याने जनावर घोरल्यासारखा आवाज करते. दोन्ही ओढ्याच्या, कालव्याच्या व डबक्याच्या काठी असतात. शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरले असता लिम्नियाचे तोंड उजवीकडे येते. टाक्यांत नेहमी दिसणाऱ्या फायसाचे तोंड डावीकडे येते. गोगलगाय टाकीत पैदास झालेलीच घ्यावी, आणि नव्या रोपांच्या पानाखाली पारदर्शक चिकट अंड्यांचे पुंजके दिसल्यास पुसून काढावेत.

मासे सर्वांत शेवटी

बहुतेक लोक याच्या उलट करतात. आधी मासे आणतात, मग चार-पाच कोळंब्या टाकतात आणि त्या दिसेनाशा झाल्या की हळहळतात. लक्षात ठेवण्याचा नियम साधा आहे. ज्या माशाच्या तोंडात कोळंबी मावते, तो तिला खातो. पिल्लू तर जवळजवळ प्रत्येक माशाच्या तोंडात मावते. सोनमासा, एंजल, चिलापी किंवा बार्ब जातीचे मासे या टाकीत नकोत. निश्चिंतपणे ठेवावा असा एकच मासा सांगता येईल, तो म्हणजे शेवाळ खाणारा बारका ओटोसिंक्लस. नर गप्पी मोठ्या कोळंबीला त्रास देत नाहीत, पण पिल्ले टिपतात. आरोग्य खात्याकडून डासांसाठी मिळणारे मासे नीट पाहून घ्यावेत, कारण गप्पी या नावाखाली करडा गॅम्बुसियाही येतो आणि तो भांडखोर आहे. नर गप्पी रंगीत शेपटीवरून ओळखता येतो. नर-मादी दोन्ही ठेवल्यास दर महिन्याला पिल्ले होऊन टाकी गप्प्यांचीच होते.

पट्टेरी बोटिया हा मासा दुकानात हमखास सुचविला जातो, गोगलगायी खातो म्हणून. तो आपल्याच सह्याद्रीतल्या कृष्णा खोऱ्याचा रहिवासी आहे, निसर्गात धोक्यात आहे, आणि गोगलगायींबरोबर कोळंबीची पिल्लेही सोडत नाही. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा पुण्याच्या नद्यांतील मल्या व खुद्री ही मराठी नावेच त्यांनी शास्त्रीय नावांत घातली. मल्या दगडावरचे शेवाळ खरवडतो, म्हणून टाकीत उपयोगी वाटतो. पण तो वाहत्या, गार पाण्याचा मासा आहे. त्याला नदीतच राहू द्यावे.

क्रम असा ठेवावा. टाकी मुरल्यावर पाच-सहा गोगलगायी, आठवड्याने पंधरा ते वीस कोळंब्या, आणि कोळंबीची पिल्ले काचेवर फिरताना दिसू लागल्यावरच पाच-सहा लहान मासे. याला दोन ते तीन महिने लागतात. पिल्लांना लपण्यासाठी जावा मॉसचे दाट पुंजके व मागच्या बाजूस वॅलिस्नेरिया लावावा. हायड्रिला लवकर वाढतो व नायट्रेट शोषतो, म्हणून नव्या टाकीत तो सोयीचा आहे.

नवी कोळंबी पिशवीतून एकदम ओतू नये. येथे आपले ठिबक कामी येते. नव्या मायक्रोट्यूबला सैल गाठ मारून टाकीतले पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने कोळंबीच्या भांड्यात सोडावे. दीड-दोन तासांत भांड्यातले पाणी तिप्पट होते, मग कोळंबी जाळीने उचलून टाकीत सोडावी. शेतातली वापरलेली नळी मात्र घेऊ नये.

उन्हाळा

चेरी कोळंबीला २२ ते २६ अंश तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत टाकी ३२ अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि वनस्पतीही रात्री तोच वापरतात. म्हणून हवेचा पंप रात्री बंद करू नये, वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा ठेवावा. टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास दोन-तीन अंश उतार मिळतो. आटलेल्या पाण्याची भरपाई करावी. प्रकाश दिवसाला सहा ते आठ तास पुरे, थेट ऊन नको. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. कोळंबीसाठी टाकीत देशी बदामाचे वाळलेले पान ठेवावे किंवा फवारणी न केलेला दोडका उकडून त्याची चकती द्यावी आणि उरलेली संध्याकाळी काढून घ्यावी. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे.

विक्रीसाठी वाढ करणाऱ्यांनी सिमेंटचे हौद सावलीत बांधावेत. नवा हौद वापरण्यापूर्वी दोन-तीन आठवडे पाणी भरून, बदलून त्यातला चुना उतरवावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाच्या घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. अनुदानाची चालू स्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून मगच खर्च करावा.

टाकीतले काहीही पवनेत किंवा ओढ्यात सोडू नये. सांगवीजवळ नदीवर जी जलपर्णी दिसते, तीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून बंगालमध्ये आणली गेली होती. आपली पवना मुळेला मिळते आणि ते पाणी पुढे मुळा-मुठा व भीमेवाटे उजनीत जाते. छाटलेल्या वनस्पती उन्हात कडक वाळवून मगच कंपोस्टात टाकाव्यात. काढलेले पाणी कुंड्यांना फार चांगले, त्यात नायट्रेट असते. मात्र ते दुहेरी फडक्यातून गाळूनच घालावे, म्हणजे गोगलगायीची अंडी पाटात जाणार नाहीत.