हातात बोर्डिंग पास, खांद्यावर पॅराशूट

शिकागोकडच्या स्कायडायव्हरचं वर्ष जेमतेम सहा-सात महिन्यांचं असतं. पानगळ संपली की इथले ड्रॉपझोन, म्हणजे उड्यांची मैदानं, बंद होतात आणि उडीशिवाय ज्यांना करमत नाही ते ॲरिझोनाची तिकिटं शोधू लागतात. फिनिक्स आणि टुसॉनच्या मधोमध ईलॉय नावाचं गाव आहे. इथे बर्फ साचलेला असतो तेव्हा तिथल्या वाळवंटावर दिवसभर उड्या चालू असतात. दर हिवाळ्यात मी ही वारी करते. कधी तिच्याऐवजी फ्लोरिडातलं डीलँड, कधी स्पेनच्या किनाऱ्यावरचं एम्पुरियाब्रावा. उडी मारायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण स्वतःची रिग घेऊन प्रवासी विमानाने कसं जायचं, हे कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत.

रिग म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. दहा-बारा किलोच्या एकाच पाठपिशवीत दोन पॅराशूट असतात. खालच्या कप्प्यात मेन. ते मी प्रत्येक उडीनंतर स्वतः घडी घालून भरते. वरच्या कप्प्यात रिझर्व्ह, म्हणजे मेनने दगा दिला तर उघडायचं पॅराशूट. त्याला हात लावायचा अधिकार फक्त परवानाधारक रिगरचा. तो ते भरतो, लाल दोऱ्याने बांधतो आणि दोऱ्यावर शिशाचं बारीक सील दाबतो. तिसरी चीज म्हणजे एएडी, एक छोटा संगणक. सुमारे २२५ मीटर उंचीवर आल्यावरही माणूस सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने कोसळत असेल, तर माझ्या रिगमधलं हे यंत्र रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारा दोरीचा लूप स्वतःच कापतं. कापणाऱ्या पात्याला ढकलायला कटरमध्ये चिमूटभर दारू असते. आता हे सगळं विमानतळाच्या एक्स-रेमध्ये कसं दिसत असेल, याचा विचार करा.

म्हणून माझ्या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रिझर्व्ह घरून निघालं तसंच, सील शाबूत राहून, पोचलं पाहिजे.

१. रिग नजरेआड करू नका

अमेरिकेत प्रवाशांची तपासणी करणाऱ्या टीएसएच्या नियमांप्रमाणे पॅराशूट केबिनमध्ये नेता येतं आणि चेक-इनही करता येतं, आत एएडी असलं तरी. मुभा दोन्हींची असली तरी मी रिग चेक-इनला देत नाही. बॅग भलत्याच शहरात गेली तर सुट्टी भाड्याच्या रिगवर काढावी लागते, आणि आपला हार्नेस अंगाला जसा बसतो तसा भाड्याचा बसत नाही. शिवाय नायलॉनचं आणि आम्लाचं वैर आहे. शेजारच्या बॅगेतून काय गळेल, याचा नेम नसतो.

खरी मेख पुढेच आहे. पॅराशूटची बॅग उघडून बघायची वेळ आली तर मालकाने तिथे हजर राहून मदत करावी, असं टीएसए सांगते. पुकारा झाल्यावर तुम्ही वेळेत पोचला नाहीत, तर रिग त्या विमानात चढत नाही. तोवर तुम्ही गेटपाशी कॉफी घेत बसलेले असता. त्यामुळे चेक-इन करणं भागच असेल तर रिगची बॅग वेगळी ठेवा, तिच्यात दुसरं काही कोंबू नका आणि विमानकंपनी सांगते त्याच्या अर्धा तास आधी पोचा. हा अर्धा तास टीएसएनेच सुचवलेला आहे. केबिनमध्ये नेतानाही मी तो पाळते.

२. तिकीट काढण्याआधी डेटा कार्ड बघा

रिगच्या एका खिशात रिगरच्या सहीचं कार्ड असतं. रिझर्व्ह शेवटचं कधी भरलं, ते त्यावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे. २००८ पर्यंत ती १२० दिवसांची होती. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी मुदत संपत असेल तर चौथ्या दिवशी तुम्ही जमिनीवरच. युरोपात काही देशांत वर्षभराची मुदत चालते, तेव्हा जिथे जायचं तिथला नियम त्या ड्रॉपझोनला आधी विचारून घ्यावा. एएडीच्या देखभालीची तारीखही तेव्हाच बघून टाकावी.

३. कागद वरच्या कप्प्यात हवेत

एएडी बनवणाऱ्या कंपन्या एक्स-रे कार्ड देतात. रिग यंत्रातून जाताना पडद्यावर कशी दिसते, याचं त्यावर चित्र असतं. कोणता चौकोन म्हणजे संगणक आणि कोणती नळी म्हणजे कटर, हे त्यावरून कळतं. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला दहा वाक्यांनी जे समजत नाही, ते या कार्डाने समजतं. त्यासोबत टीएसएचं पॅराशूटविषयीचं पान छापून ठेवते, कारण रोज हजारो बॅगा बघणाऱ्या प्रत्येकालाच हा नियम तोंडपाठ असेल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. यूएसपीए या अमेरिकी संघटनेचं सभासदत्व आणि लायसन्सही जवळ असतंच. २५ उड्यांनंतर मिळणारं पहिलं लायसन्स असो की ५०० नंतरचं शेवटचं, ड्रॉपझोनवर ते दाखवावंच लागतं; विमानतळावर त्याला कायद्याची किंमत नाही, पण समोरच्याच्या कपाळावरची आठी मात्र उतरते.

४. आधी सांगा, थोडक्यात सांगा

बॅग पट्ट्यावर ठेवतानाच मी सांगते, "यात खेळाचं पॅराशूट आहे." बस, एवढंच. रिग, कटर, पिन, हँडल हे आपल्यातले शब्द. तपासनिसापुढे त्यांची यादी वाचायची गरज नसते. कुणी कटरबद्दल विचारलं तर मात्र खरं ते सांगायचं, आवाज न चढवता आणि कार्ड पुढे करून. थट्टा अजिबात नाही. मागच्या रांगेतला मित्र विनोदाच्या मूडमध्ये असेल तर त्याला घरीच समज द्यावी.

बहुतेक वेळा हातमोजे घातलेला कर्मचारी कापडाची पट्टी पट्ट्यांवरून आणि फ्लॅपवरून फिरवतो आणि ती यंत्रात घालतो. त्याआधी हाताला लोशन चोपडून रिग हाताळू नका. ग्लिसरीनने ही यंत्रं उगाच ओरडतात, आणि एकदा ओरडली की पाऊण तास गेला म्हणून समजा.

५. उघडायचंच असेल तर मेन उघडा

परतीच्या वाटेवर एकदा फिनिक्सच्या विमानतळावर एका तरुण कर्मचाऱ्याने माझी बॅग बाजूला घेतली. चेन उघडली आणि डाव्या बाजूच्या चकचकीत धातूच्या हँडलला बोट घातलं. ते रिझर्व्हचं हँडल. ते ओढलं असतं तर आतल्या स्प्रिंगने छोटं पायलट च्यूट त्याच्या तोंडासमोर उडालं असतं आणि मागोमाग रिझर्व्हची घडी सुटली असती. मी हात मागे बांधून उभी होते. हात पुढे न करता म्हटलं, "साहेब, ते ओढू नका, ते आपत्कालीन पॅराशूट आहे. आत काय आहे ते मीच दाखवते. तुमच्या सुपरवायझरना बोलावलंत तरी चालेल."

सुपरवायझर बाई आल्या. कार्ड बघितलं, पडद्यावरचं चित्र बघितलं आणि म्हणाल्या, काहीतरी उघडून दाखवा. मी खालचा फ्लॅप उघडला, पिन काढली आणि मेनची पिशवी स्टीलच्या टेबलावर घेतली. रबरबँडमध्ये अडकवलेल्या दोऱ्या सुटत गेल्या, दीडशे चौरस फुटांचं निळं-पिवळं कापड टेबलावरून खाली ओघळलं. पट्टी फिरली, यंत्र गप्प राहिलं. त्या तरुणाने विचारलं, "एवढं सगळं त्या एवढ्याशा पिशवीत जातं?" मी म्हटलं, "जातं. पण गुडघा टेकून बसावं लागतं."

यातलं तंत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. तपासणाऱ्याला शंका मिटवायची असते, आणि त्याचं ते कामच आहे. त्याला नकार दिला की तो हट्टाला पेटतो, पर्याय दिला की बहुधा पटतं. मेन सुटलं तर तुमची पंधरा मिनिटं जातात; ते तुम्हीच पुन्हा भरू शकता. रिझर्व्ह सुटलं तर रिगर गाठेपर्यंत ती रिग म्हणजे नुसतं ओझं. तरीही कुणी रिझर्व्हच उघडा म्हणून अडून बसलं तर वरिष्ठांना बोलवा, आणि तेही ऐकत नसतील तर उघडू द्या. सुट्टीचा एक दिवस आणि रिगरची फी जाईल. विमानतळावर भांडून याहून जास्त जातं.

६. खिशांची झडती आपणच घ्यावी

मेनच्या गुंतलेल्या दोऱ्या कापायला हार्नेसला एक हुक नाइफ लावलेला असतो. तो इतका सवयीचा असतो की दिसेनासा होतो. आहे मात्र पातंच, आणि केबिनमध्ये पात्याला जागा नाही. तो चेक-इनच्या बॅगेत जाऊ द्या. सोबत पॅकिंगची हत्यारं आणि शिशाचा वजनपट्टाही. उलट कॅमेऱ्याच्या जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या आपल्याजवळ ठेवायच्या. जंपसूट आणि हेल्मेट कुठेही चालतं. ऑल्टिमीटर मी खिशात ठेवते. एएडी बंद असल्याची खात्री घरीच करून निघावं.

७. छोट्या विमानाची चौकशी आधी करा

मोठ्या विमानाच्या वरच्या कप्प्यात रिग आरामात मावते. पंचाहत्तर जणांच्या प्रादेशिक जेटमध्ये मात्र गेटवरच बॅगेला टॅग लावून ती खाली पाठवतात. बुकिंग करताना विमान कोणतं आहे ते बघा आणि शक्य असेल तर लवकर चढायचा गट घ्या. तरी टॅग लागलाच तर हवाई सुंदरीला कपाटाबद्दल विचारावं. रिग नेहमी एका साध्या, न चमकणाऱ्या पिशवीत घालून न्यावी. हँडल कप्प्याच्या कडेला अडकत नाहीत आणि लोकांच्या नजराही अडकत नाहीत.

८. शेजाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो

"विमान पडणार आहे, असं तुम्हाला माहीत आहे का?" पुण्याच्या मावशीपासून डेन्व्हरच्या आजोबांपर्यंत सगळे हेच विचारतात. उत्तर साधं आहे: उंचावर उडणाऱ्या विमानाचं दार आतल्या दाबामुळे उघडताच येत नाही, तेव्हा माझं पॅराशूट इथे तुमच्या छत्रीइतकंच कामाचं. ठरावीक वयाच्या अमेरिकी माणसाला लगेच डी. बी. कूपर आठवतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये तो दोन लाख डॉलर आणि पॅराशूट घेऊन बोइंग ७२७ च्या मागच्या जिन्यावरून रात्रीच्या अंधारात उतरला आणि पुन्हा सापडला नाही. पुढे हा जिना हवेत उघडू नये म्हणून ७२७ विमानांना खास झडप बसवण्यात आली. तिला कूपरचंच नाव आहे. गोष्ट रंगतदार आहे, पण सांगायची ती विमानातून उतरल्यावर.

९. भारताच्या वाटेवर सात किलो विसरू नका

भारतातल्या विमानकंपन्यांच्या साध्या वर्गात हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण सात किलो असते. आशियातल्या इतरही अनेक कंपन्यांचं तसंच. रिग तिथेच मर्यादा ओलांडते, तेव्हा कंपनीला आधी लिहून परवानगी मागवा आणि उत्तराची प्रत जवळ ठेवा. वाटेत विमान बदलायचं असेल तर तिथेही नव्याने तपासणी होते, हे गृहीत धरा.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना हा त्रास जास्त. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये नऊवारी नेसून उडी मारली ती थायलंडमधल्या पट्टायात. महाराष्ट्रात राहून उड्यांचा नियमित सराव ठेवायचा तर विमानतळ चुकत नाही. अशांनी भारतातून निघताना कस्टम्सकडून रिगचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं, म्हणजे परतताना आपलीच वस्तू आपली आहे हे पटवत बसावं लागत नाही. खरेदीचं बिल जवळ असावंच. आणि परत येताना आईचं लिंबाचं लोणचं आणि रिग एका बॅगेत? नावही काढू नका.

१०. पोचल्यावर घाई नको

एएडी हॉटेलात सुरू करायचं नाही. जिथे उतरायचं त्या मैदानावर सुरू करायचं. ते सुरू होताना तिथला हवेचा दाब मोजून तीच जमीन धरतं. शिकागोकडची जमीन समुद्रसपाटीपासून सहा-सातशे फूट, ईलॉयची दीड हजार, कोलोरॅडोतल्या लाँगमाँटची पाच हजार. चुकीची जमीन धरलेलं यंत्र चुकीच्या उंचीवर काम करेल. उंचावरच्या विरळ हवेत पॅराशूटही जास्त वेगाने उतरतं, म्हणून पहिल्या उतरणीला मोकळी, मोठी जागा निवडा.

मग रिग एकदा सावकाश तपासा: पिन सरळ आहेत का, हँडल जागेवर आहेत का, सीलचा लाल दोरा अखंड आहे का. प्रवासात कुणी बॅग हलवली असेल, कप्प्यात कुणी तिच्यावर सूटकेस आदळली असेल. तिथल्या रिगरला एक नजर टाकायला सांगा. बहुतेक जण आनंदाने टाकतात. सुरक्षेच्या रांगेत तासभर धीर धरला, तर शेवटची दहा मिनिटं वाचवून काय मिळवायचं आहे?