महामारीत मोडलेली दिवसाची घडी पुन्हा कशी बसवावी?

बंगळुरूच्या उत्तरेला येलहंका परिसरात रेवा विद्यापीठ आहे, नित्ते मीनाक्षीसारखी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातली मराठी मुले बंगळुरूच्या अशा संस्थांत शिकायला येतात. तुम्ही कदाचित त्यांपैकीच एक असाल.

१४ मार्च २०२० पासून कर्नाटक सरकारने महाविद्यालये आठवडाभर बंद केली. मुलांनी आठवड्याचे कपडे बॅगेत भरले आणि घर गाठले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. त्या आठवड्याचे आठ महिने झाले. नोव्हेंबरात वर्ग सुरू झाले, पण एप्रिल २०२१ च्या अखेरीस राज्य पुन्हा बंद झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तोवर एक सवय मात्र अंगात मुरली होती: अंथरुणातच वर्ग, अंथरुणातच जेवण, रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी हजेरीपुरते डोळे उघडणे.

अनेक विद्यार्थी म्हणतात, ‘माझी इच्छाशक्तीच गेली.’ तसे नसते. आधी तुमचा दिवस बाहेरून बांधलेला होता. मेसची वेळ, बस, पहिला तास, संध्याकाळचे मैदान. वसतिगृहातून वर्गात आणि वर्गातून ग्रंथालयात जाताना कितीतरी चालणे होई, त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. हे सारे एकदम काढून घेतले गेले आणि दिवसाला काठच उरला नाही.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात, १६ व १७ या श्लोकांत, श्रीकृष्ण नेमके हेच सांगतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहार, विहार, कर्म, झोप आणि जागेपण युक्त आहे, त्याचा योग दुःख दूर करतो. ‘युक्त’ म्हणजे कमी नव्हे. युक्त म्हणजे मापात. आणि ‘विहार’ हा शब्द आपण घाईने वाचून पुढे जातो. टाळेबंदीत सर्वात आधी गेला तो विहारच.

सुरुवात झोपण्यापासून करू नका, उठण्यापासून करा. अकराला झोपायचे ठरवले तरी झोप आज्ञेने येत नाही. उठणे मात्र आपल्या हाती असते. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, शरीराचे घड्याळ आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते लावले जाते, आणि त्यावरून रात्री झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन केव्हा स्रवायचे हे ठरते. रात्रीचा पडद्याचा उजेड हेच घड्याळ मागे ढकलतो. म्हणून सातला उठा, रविवारीही सातलाच, आणि लगेच बाहेर पडा. बंगळुरूत बाराही महिने सात वाजता उजाडलेले असते. येलहंका तलावाच्या बाजूने अर्धा तास चाला. आठवड्यातून पाच दिवस झाले की १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान तेवढेच सांगते.

मोबाइल सोबत न्यायचाच असेल तर खिशात राहू द्या.

चालून आल्यावर पलंगावर नव्हे, खाली आसनावर दहा मिनिटे शांत बसा. श्वासाकडे लक्ष द्या. प्राणायामाने विषाणू मरतो असे महामारीत फार पसरवले गेले; ते खरे नाही, आणि साधकांनी तरी असे बोलू नये. श्वास संथ झाला की मनाची धावपळ उतरते, एवढे पुष्कळ आहे. आणि फिल्टर कॉफी सोडायला कोण सांगतो? पण ती दुपारी दोनच्या आत प्या. कॅफिनचा निम्मा अंश अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात.

काहींच्या घरात मात्र त्या काळात दिवसाची घडीच मोडली असे नाही, माणूसच गेला. आई किंवा वडील गमावलेल्या मित्राला ‘लवकर उठ, बरे वाटेल’ असे सांगू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला मेसमध्ये बरोबर न्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ खाणे-झोपणे सुटले असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर साधना वाढवून पाहत बसू नका. डॉक्टरांकडे जा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मदत मागितल्याने श्रद्धा उणी होत नाही.

उठण्याची वेळ पाळू लागलात की पहिले चार-पाच दिवस दुपारी डोळे मिटू लागतील. तेव्हा वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा, पण तीनच्या आत उठा.