डिझेल इंजिनाऐवजी सौरपंप परवडेल काय?

प्रश्न : विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे, वीजजोडणी नाही. सौरपंप महाग आणि पावसाळ्यात निरुपयोगी, असे गावात म्हणतात. बदल करावा का? – एक शेतकरी, जि. बीड

उत्तर : केवळ खरेदीची किंमत पाहिल्याने हा गैरसमज होतो. आपल्या इंजिनाला ताशी सुमारे एक लिटर डिझेल लागते व तो खर्च दर हंगामात नव्याने करावा लागतो. सौरपंपाचा बहुतेक खर्च मात्र एकदाच होतो. शिवाय महावितरणच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत लाभार्थी हिस्सा, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः भरावयाची रक्कम, सर्वसाधारण गटासाठी किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के असून पाच वर्षांची दुरुस्तीची हमीही मिळते. ढगाळ दिवशी पाण्याचा प्रवाह घटतो हे खरे. परंतु पावसाचा खंड वगळता त्या काळात सिंचनाची गरजही कमीच असते. रात्री पंप चालत नाही, म्हणून शेततळे किंवा साठवणटाकी असल्यास उत्तम. पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रानुसार ठरते (अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती), त्यामुळे सातबारा आधी तपासावा. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरच करावा, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत आणि पहिला उन्हाळा पार पडेपर्यंत जुने इंजिन विकू नये.